अशोकाचा तेरावा शिलालेख

अशोकाचा तेरावा शिलालेख हा मौर्य सम्राट अशोक याच्या चौदा प्रमुख शिलालेखांपैकी एक लेख होय. कलिंगयुद्धातील संहाराबद्दल विजेत्या राजाने व्यक्त केलेला पश्चात्ताप हा त्याचा मुख्य विषय आहे. लेखाची भाषा प्राकृत असून तो इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या मध्यास कोरला गेला.

== स्थाने ==
हा लेख गिरनार, कालसी, एर्रागुडी, शाहबाजगढी व मानसेहरा येथे आढळतो. शेवटच्या दोन ठिकाणी खरोष्ठी, तर अन्यत्र ब्राह्मी लिपी वापरली आहे. कंदाहार येथे त्याच्या आरंभीच्या भागाचे ग्रीक रूपांतर मिळाले आहे. महाराष्ट्रातील सोपारा येथे केवळ आठव्या व नवव्या लेखांचे अंश सापडले आहेत.

== आशय ==
राज्याभिषेकास आठ वर्षे झाल्यावर अशोकाने कलिंग जिंकले. लेखानुसार या युद्धात दीड लाख लोकांना देशोधडीला लावण्यात आले, एक लाख मारले गेले आणि त्याच्या कित्येक पट लोक नंतर मरण पावले. विजयानंतर राजाला झालेल्या दुःखासाठी लेखात ‘अनुसोचन’ हा शब्द येतो. जे स्वतः बचावले, त्यांनाही आप्तेष्टांच्या विपत्तीमुळे दुःख भोगावे लागते, याचीही नोंद लेखात आहे. त्या हानीचा शतांश किंवा सहस्रांश जरी आज घडला, तरी तो आपणास असह्य वाटेल, असे राजा म्हणतो. शस्त्राने मिळविलेल्या विजयापेक्षा धर्मविजय श्रेष्ठ होय, असे सांगून पुत्रपौत्रांनी नव्या विजयाची इच्छा धरू नये, असा उपदेश त्याने केला आहे.

== क्षमा व तिची मर्यादा ==
अपराध्याचा जो अपराध क्षमा करण्याजोगा असेल, तो क्षमा करावा, अशी भूमिका लेखात मांडली आहे. मात्र ही क्षमा अमर्याद नाही. अरण्यवासी लोकांना राजा सामोपचाराने समजावतो; पण पश्चात्ताप झाला असला, तरी दंड देण्याचे सामर्थ्य आपल्याकडे आहे, याची जाणीवही त्यांना करून देतो. येथे क्षमा करणारा राजाच आहे. ज्यांच्यावर अन्याय झाला, त्या कलिंगवासीयांकडे क्षमायाचना केल्याचा उल्लेख लेखात नाही.

== कलिंगातील अनुपस्थिती ==
प्रत्यक्ष कलिंगात, म्हणजे ओडिशातील धौली व जौगड येथे, अकरावा ते तेरावा हे लेख वगळले असून त्यांच्या जागी दोन स्वतंत्र लेख कोरले आहेत. सर्व माणसे माझी अपत्ये आहेत, असे त्यांत म्हटले आहे. कोणासही विनाकारण बंधन वा छळ सोसावा लागू नये, अशी ताकीद तेथील अधिकाऱ्यांना दिली आहे. पराभूत प्रजेपुढे युद्धाची आठवण व राजाची कबुली ठेवणे गैरसोयीचे वाटले असावे, असे काही इतिहासकारांचे मत आहे.

== मूल्यमापन ==
स्वतःच्या विजयातील बळींची संख्या सांगून त्याबद्दल खेद नोंदविणारा राजलेख प्राचीन जगात दुर्मीळ आहे. तथापि कलिंग स्वतंत्र केल्याचा किंवा देशोधडीला लावलेल्या लोकांना परत आणल्याचा उल्लेख अशोकाच्या कोणत्याही लेखात नाही. त्यामुळे पश्चात्तापाने राजाची पुढील राजनीती बदलली, परंतु झालेल्या हानीची भरपाई झाली नाही, ही बाब या लेखाच्या अभ्यासात महत्त्वाची ठरते.