पावती फाडली, हिशेब कुठाय?

परवा आमच्या गावातल्या चर्चच्या पंचकमिटीतले एक काका ऑफिसात आले. छप्पर गळतंय, दुरुस्तीसाठी वर्गणीचं आवाहन लिहून द्या म्हणाले. मी म्हटलं, "देतो. पण मागे कंपाउंडची भिंत बांधलीत, तिचा हिशेब मंडळीपुढे ठेवलात का?"

काका हसले. "आणि तुमच्या वाचनालयाचा?"

मी गप्प. तीन वर्षांपूर्वी इमारत निधीसाठी चिटणीस म्हणून मीच गावभर फिरलो होतो. एक रुपया कुणी खाल्ला नाही. ऑडिटही झालं. पण कागद कपाटात गेले ते गेलेच. यंदा पुस्तकांसाठी वर्गणी मागायला गेलो, तर निम्म्या दारांतून उत्तर आलं, "बघू."

मित्रहो, पैसे मागण्याची कला आपल्याला नवी नाही. पंडिता रमाबाई १८८६ साली अमेरिकेत गेल्या. विधवांसाठी शाळा काढायची होती. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि ठिकठिकाणी 'रमाबाई सर्कल' निघाली. सभासदाने वर्षाला निदान एक डॉलर द्यायचा, आणि तोही दहा वर्षं. एकदाच मोठी देणगी मागण्यापेक्षा हे शहाणपणाचं, कारण पुढच्या वर्षी साधारण किती येणार याचा अंदाज आधीच असतो. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं.

पण १८९३ मध्ये पुण्यात वाद पेटला. सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता पाळली जाईल असं ठरलं होतं, ती पाळली जात नाही असा आक्षेप होता. रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली. कोण बरोबर, कोण चूक, यावर आजही वाद घालता येईल. मला त्यातून एवढंच दिसतं की लोक फक्त आकडे विचारत नाहीत. पैसा कशासाठी मागितला होता, हेही लक्षात ठेवतात.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड चालवला. माणशी वर्षाला एक पैसा! त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. ज्यानं पैसा दिला त्याला कारखाना डोळ्यांनी दिसत होता. यापेक्षा मोठी पावती कुठली?

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. पैसा नसलेल्या घरातून मूठभर धान्य घेतलं. पुढे साताऱ्याचं वसतिगृह चालवताना लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी मंगळसूत्रही मोडलं. मागणाऱ्यानं आधी स्वतःच्या घरातलं टाकलंय हे कळलं, की देणाऱ्याचा हात आखडत नाही.

पुढे १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा आला. देऊळ, मठ, चर्च, अग्यारी, सगळे एकाच व्याख्येत. नोंदणी करा, हिशेब ठेवा, तपासून घ्या. वर्गणी गोळा करायच्या आधी कलम ४१ क आहे, ते गणपती मंडळवाल्यांना पाठ असतं. कायदा चांगलाच आहे. पण ऑडिटचा कागद धर्मादाय कार्यालयात जातो, शंभर रुपये देणाऱ्या आजीच्या दारात जात नाही. ते काम आपलं.

काकांना आवाहन लिहून दिलं. वरच्या अर्ध्या पानावर भिंतीचा जमाखर्च, खाली छपराचा अंदाज, शेवटी पंचांनी स्वतः किती दिले ते. काका जरा कुरकुरले, पण घेऊन गेले.

आणि आमचं? वाचनालयाच्या इमारत निधीचा हिशेब या रविवारी सकाळी दहा वाजता दारातल्या फळ्यावर लागतोय. पावतीबुकंही टेबलावर असतील. उशीर झाला, चूक माझी. या, वाचा, विचारा. वर्गणीचं नंतर बघू.