'कोळी' आणि 'संधिपाद' : भिवंडीच्या निमित्ताने एक शब्देतिहास

भिवंडी हे ठाणे जिल्ह्यातील विणकरांचे नगर होय. 1857 नंतर उत्तर भारतातून येऊन वसलेल्या मोमीन विणकरांच्या हातमागांमुळे ह्या गावाची ख्याती वाढली. पुढे विसाव्या शतकात हातमागांची जागा यंत्रमागांनी घेतली. नगराजवळची कामवारी नदी वसईच्या खाडीकडे जाते. माग आणि मासेमारीचे जाळे येथे असे शेजारी नांदत आले. जाळे विणणाऱ्या किड्यास मराठीत 'कोळी' म्हणतात. तो शब्द ह्या दोहोंपैकी कोणाच्या घरचा, ह्याचा प्रस्तुत टिपणात विचार केला आहे.

'कोळी' म्हणताच मासेमार डोळ्यांपुढे येतो. तथापि शब्दाचा इतिहास विणकराकडे बोट दाखवितो. संस्कृतात 'कौलिक' म्हणजे विणकर. पंचतंत्रात त्याची कथा आहे. प्राकृतातील 'कोलिअ' विणकर आणि जाळे करणारा किडा, अशा दोन्ही अर्थी येतो. अमरकोशातही 'तंतुवाय' हे नाव दोघांस दिले आहे. जातिवाचक 'कोळी' शब्दाची व्युत्पत्ती हा निराळ्या वादाचा विषय असल्याने तो येथे बाजूस ठेवला आहे.

जुन्या नावांमागे सूक्ष्म निरीक्षण असे. 'ऊर्णनाभ' म्हणजे ज्याच्या नाभीत लोकर आहे तो. कोळ्याच्या उदराच्या मागच्या टोकाशी तंतू काढणारे अवयव असतात. त्यांतून निघणाऱ्या द्रवरूप प्रथिनाचा घट्ट धागा बनतो. नाव देणाऱ्याने फारशी चूक केलेली नाही.

वर्गीकरण मात्र निराळ्या तत्त्वावर होते. अमरकोशात कोळी आणि विंचू सिंहादिवर्गात, तर खेकडा वारिवर्गात आहे. म्हणजे तेथे निवासस्थानास महत्त्व आहे. आपल्या बाजारातही कोळंबी आणि चिंबोरी ही 'मासळी', तर गोम हा 'किडा' ठरतो. 1758 मध्ये लिनीअसने खेकडा, कोळी आणि फुलपाखरू ह्यांना एकाच वर्गात बसविले. पुढे 1848 मध्ये सीबोल्ट ह्या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने 'सांधा' आणि 'पाय' ह्या ग्रीक शब्दांवरून 'आर्थ्रोपोडा' हा संघ मांडला; 'संधिपाद' हे त्याचेच भाषांतर. सांधे असलेले पाय, कायटिनयुक्त बाह्य कवच आणि वाढीसाठी टाकावी लागणारी कात ही ह्या संघाची लक्षणे. त्यातील वर्णन झालेल्या जाती दहा लाखांहून अधिक आहेत. आधुनिक संशोधनानुसार फुलपाखरास कोळ्यापेक्षा कोळंबी अधिक जवळची आहे. निवासस्थान पाहून हे नाते कधीच उमगले नसते; येथे शास्त्राचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

परंतु म्हणून लोकभाषेतील भेद टाकाऊ ठरत नाहीत. खाडीकाठचा माणूस जवळा आणि कोळंबी ह्यांत भेद करतो. प्राणिशास्त्रही त्यांना भिन्न कुलांत घालते. शेताच्या बांधातला मुठा आणि खाडीतली चिंबोरी त्याच्या लेखी एक नव्हेत, आणि शास्त्राच्या लेखीही नव्हेत. पाठ्यपुस्तकांत मात्र 'कवचधर' हा वर्ग येतो, ही नावे क्वचितच येतात.

भिवंडीभोवतीच्या भातखाचरांवर आज गोदामे उभी राहिली आहेत. बांध गेला की मुठा जातो आणि त्याबरोबर त्याचे नाव उच्चारण्याचा प्रसंगही जातो. परिभाषा घडविणे एखाद्या समितीस साधते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणातून घडलेला शब्द पुन्हा घडविता येत नाही. म्हणून ह्या परिसरातील अशा नावांची नोंद गाव, उच्चार आणि प्राण्याची शास्त्रीय ओळख ह्यांसह, भाषाभ्यासक व प्राणिशास्त्रज्ञ ह्यांनी एकत्र बसून करणे अगत्याचे आहे.