राब आणि बायोचार

रायगडाच्या पायथ्याशी हिरकणीवाडीच्या परिसरात भाताचे बी पेरण्यापूर्वी रोपांच्या जागेवर शेण, कवळ, पातेरा व गवत रचून भाजतात, त्यास राब म्हणतात. त्याने तणाचे बी मरते, हे मोलाचेच, परंतु उघड्या जाळात बहुतांश कर्ब व नत्र उडून जाऊन मागे मुख्यतः राखच उरते. याउलट काटक्या वा भाताचा तूस अपुऱ्या हवेत साधारण ३५० ते ७०० अंश सेल्सिअसला भाजल्यास सच्छिद्र कोळसा, म्हणजेच बायोचार, मिळतो. कंपोस्टच्या ढिगात तो कोरड्या वजनाच्या सुमारे १० टक्के मिसळला असता हवा खेळती राहते, अमोनिया वायू काही अंशी त्याच्या छिद्रांत धरला जातो आणि कुजताना होणारी नत्राची हानी घटते; मुसळधार पावसाने अन्नद्रव्ये धुऊन जाणाऱ्या इथल्या आम्लधर्मी जमिनीस असे खत विशेष उपयोगी आहे.