अंगावरून वारं गेलं

माझ्या आजोबांच्या अंगावरून वारं गेलं ते १९७३ साली, कराडला. सकाळी तोंड धुताना तांब्या हातातून पडला आणि उजवी बाजू लुळी झाली. डॉक्टर आले, ब्लडप्रेशर बघून म्हणाले, "आता वाट बघायची." पुढची सहा वर्षं आजी महानारायण तेल चोळत राहिली. डॉक्टरांना मी दोष देत नाही. तेव्हा मोठ्या शहरांतल्या इस्पितळांतही फारसं वेगळं काही करता येत नसे.

मेंदूतली रक्तवाहिनी गुठळीनं तुंबली की फुटली, हे बाहेरून बघून खात्रीनं सांगता येत नाही. गुठळीचं औषध फुटलेल्या वाहिनीवर दिलं, तर माणूस दगावायचा. ही अडचण सुटली लंडनमधल्या विम्बल्डनला. ईएमआय कंपनीतले (हो, ग्रामोफोन रेकॉर्डवालीच!) इंजिनिअर गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर १ ऑक्टोबर १९७१ रोजी पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. म्हणजे आजोबा पडले तेव्हा यंत्र जगात होतं, कराडपासून फार लांब.

गुठळी विरघळवणाऱ्या टीपीए या औषधाची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली ती डिसेंबर १९९५ मध्ये, इथे अमेरिकेत. रुग्ण ६२४, अट तीन तासांची. तीन महिन्यांनंतर जवळजवळ पूर्ववत झालेल्यांचं प्रमाण औषध मिळालेल्यांत निदान ३० टक्क्यांनी जास्त निघालं. मृत्यू मात्र लक्षणीय घटले नाहीत, आणि मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढला. त्यामुळे १९९६ साली मान्यता मिळूनही डॉक्टरांत वर्षानुवर्षं वाद चालले. २०१५ मध्ये जांघेतून नळी घालून मोठी गुठळी ओढून काढण्याचे प्रयोग यशस्वी ठरले. २०१८ पासून निवडक रुग्णांत हे चोवीस तासांपर्यंत करता येऊ लागलं. एकूण मृत्यू कमी होण्यात मोठा वाटा मात्र ब्लडप्रेशरच्या साध्या गोळ्यांचा आहे. त्यांचं कौतुक कुणी करत नाही!

२०१९ मध्ये सासूबाई आमच्याकडे एडिसनला आल्या होत्या. एका सकाळी त्यांची जीभ जड झाली. "जरा पडते, चहा घेतला की बरं वाटेल," असं म्हणाल्या. आम्ही दोघं व्हिजिटर इन्शुरन्सचे कागद शोधत बसलो. खरं सांगायचं तर बिलाची भीती वाटत होती. चाळीस मिनिटं अशी गेली. चौदा वर्षांचा मुलगा खाली आला, आजीला हसायला सांगितलं, दोन्ही हात वर करायला लावले. डावा हात खाली घसरला. आम्हाला न विचारताच त्यानं ९११ फिरवला. चेहरा, हात, बोलणं आणि वेळ, हे त्याला शाळेत शिकवलं होतं.

इस्पितळात पहिला प्रश्न आला : शेवटच्या पूर्ण ठीक कधी होत्या? आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. मुलगा म्हणाला, "पावणेआठला मला दूध दिलं तेव्हा."

स्कॅन झाला, इंजेक्शन वेळेत मिळालं. डावा हात अजून थोडा जड आहे, पोळी एका बाजूला जाड होते. पुण्याला फोनवर मात्र त्या अजूनही सांगतात, "वारं गेलं होतं गं."