बिने-कामत बुद्धिमापन कसोटी

कन्नड व मराठी मुलांची बुद्धी मोजण्यासाठी व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडमध्ये सिद्ध केलेली कसोटी. हे काम १९३४ मध्ये प्रसिद्ध झाले, १९४० मध्ये ग्रंथरूपाने आले. बालमार्गदर्शन केंद्रांत आणि रुग्णालयांत ती अजूनही वापरली जाते.

मूळ कल्पना पॅरिसची. आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये पहिली श्रेणी रचली. अमेरिकेत ल्युइस टर्मन यांनी १९१६ मध्ये ती सुधारली. टर्मन सहा वर्षांच्या मुलाला निकेल, डाइम ही नाणी ओळखायला लावत. धारवाडच्या मुलाला असले प्रश्न विचारून काय कळणार? म्हणून नुसते भाषांतर पुरत नाही. प्रश्न मुलांवर प्रत्यक्ष अजमावावे लागतात, आणि एखादा प्रश्न ज्या वयाच्या बहुतेक मुलांना जमतो त्या वयाच्या गटात त्याची जागा ठरते. कामतांनी १,०७४ मुलांवर हे प्रमाणीकरण केले. शिक्षकांच्या अंदाजाशी गुणांचा सहसंबंध सुमारे ०.५ आला.

कसोटीत तीन ते दहा वर्षांपर्यंत प्रत्येक वयासाठी सहा प्रश्न असतात. पुढे १२, १४, १६, १९ आणि २२ असे टप्पे येतात. समजा, आठ वर्षांच्या मुलीने सहाव्या वर्षाचे सगळे प्रश्न सोडवले. सातव्याचे चार, आठव्याचे दोन, नवव्याचा एक आणि दहाव्याचा एकही नाही. एका प्रश्नाचे दोन महिने. म्हणजे ७२ अधिक १४, मानसिक वय ८६ महिने. त्याला प्रत्यक्ष वयाच्या ९६ महिन्यांनी भागून शंभराने गुणले की बुद्धिगुणांक सुमारे ९० येतो. पाहता पाहता एक आकडा हाती पडतो, आणि मुलीच्या कागदपत्रांत तो पुढे कित्येक वर्षे राहतो.



मर्यादा : प्रमाणके जुनी आहेत. पिढीगणिक सरासरी गुण वाढत जातात, हे जेम्स फ्लिन यांनी अनेक देशांत दाखवले. जुन्या प्रमाणकांवर आजच्या मुलांचा गुणांक त्यामुळे फुगू शकतो. भाषेचा प्रश्न त्याहून बिकट. सोलापुरात पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांच्या घरी तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड आणि शाळेत बहुधा मराठी. घरी तेलुगू बोलणाऱ्या मुलाला शब्दार्थ मराठीत विचारले, तर मोजले जाते ते त्याचे मराठी. कन्नड मुलाला निदान कामतांच्या नमुन्याचा आधार आहे, तेलुगू मुलाला तोही नाही. अशा मुलाबद्दलचा निर्णय एकट्या या गुणांकावर घेणे चूकच. शब्दांवर न बेतलेली दुसरी कसोटी जोडीला हवी. अहवाल हाती आला की कसोटी कोणत्या भाषेत घेतली, हे पालकांनी जरूर विचारावे.