पेठ, दरबार आणि कवी : शहाजीकालीन बंगळूर

बंगळूरच्या उत्तरेस असलेल्या हेब्बाळ येथे २०१८ साली एक वीरगळ उजेडात आला. गंगवंशीय श्रीपुरुषाच्या कारकिर्दीतील, सुमारे इ. स. ७५० मधील हा कन्नड लेख रट्टवाडीच्या सैन्याशी लढताना पडलेल्या कित्तय्या नावाच्या वीराचा आहे. हे सैन्य उत्तरेकडील राष्ट्रकूटांचे असावे, असे मानले जाते. लेखात राजाचे नाव येते ते प्रामुख्याने काळ सांगण्यासाठी. शिळा उभी राहिली ती कित्तय्यासाठी. नंतरच्या शतकांत मात्र हे प्रमाण उलटले. राजा कथेच्या केंद्रस्थानी आला आणि ती कथा सांगणारा त्याच्या आश्रयाला राहू लागला. या पालटाचे एक बोलके उदाहरण याच परिसरात, शहाजीराजांच्या बंगळूर दरबारात, पाहावयास मिळते.

१५३७ साली केंपेगौडाने बंगळूरचा मातीचा कोट बांधला आणि त्याच्या आत पेठ वसवली. अक्कीपेठ तांदळाची, अरळेपेठ कापसाची, रागीपेठ नाचणीची. ही नावे म्हणजे त्या नगराचा पहिला जमाखर्चच होय. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने रणदुल्लाखानाच्या नेतृत्वाखाली हे ठाणे केंपेगौडाच्या वंशजाकडून घेतले आणि पुढे ते कोलार, होसकोटे, बाळापूर, शिरे या प्रदेशांसह शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळाले. जहागीर म्हणजे राज्य नव्हे. ठरावीक मुलखाच्या वसुलावर सैन्य बाळगण्याचा आणि ते धन्याच्या सेवेत आणण्याचा तो अधिकार असतो. शेत आणि पेठ यांच्या उत्पन्नावरच बंगळूरचा मराठी दरबार उभा होता, हे विसरता येत नाही.

या दरबाराची कीर्ती ऐकून जयराम पिंड्ये हा कवी तेथे आला. त्याने शहाजीराजांपुढे बारा नारळ ठेवले आणि आपण बारा भाषांत रचना करतो, असा त्यांचा अर्थ सांगितला. त्याचा ‘राधामाधवविलासचंपू’ हा ग्रंथ वि. का. राजवाडे यांनी १९२२ साली दीर्घ प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला. प्रारंभीचे उल्लास राधा-कृष्णांच्या विलासाचे आहेत. पुढे शहाजी, त्याची सभा आणि तेथील समस्यापूर्ती यांचे वर्णन येते. अखेरच्या भागात संस्कृतची जागा निरनिराळ्या देशभाषा घेतात. नाशिककडचा कवी कन्नड प्रदेशात, आदिलशाही सरदाराच्या दरबारात, बहुभाषक श्रोत्यांपुढे उभा आहे, ही घटनाच सतराव्या शतकातील दख्खनच्या वाङ्मयीन व्यवहाराविषयी पुष्कळ सांगून जाते.

तथापि या ग्रंथातील एक कल्पना विशेष विचारार्ह आहे. जगदीश्वर ब्रह्मदेवाला विचारतो की, तू रचलेल्या सृष्टीचे रक्षण कोण कोठे करतो? ब्रह्मदेवाच्या उत्तरात उत्तर दिशा शाहजहानकडे येते आणि दक्षिण शहाजीकडे. हे काव्य सामान्यतः १६५०च्या दशकातील मानले जाते. त्याच्या थोडेच आधी, १६४८ मध्ये, जिंजीच्या छावणीत आदिलशाहीच्याच सेनापतीने शहाजीराजांना कैद केले होते आणि त्यांची सुटका १६४९ मध्ये झाली. स्वतःच्या धन्याच्या बेड्या अनुभवलेला जहागीरदार येथे मोगल बादशहाच्या तोलाचा ठरतो. याला निव्वळ भाटगिरी म्हणून बाजूला सारावे, की दरबारी पुरावा म्हणून शब्दशः स्वीकारावे? अभ्यासकाची अडचण नेमकी येथे आहे.

राजा आणि त्याची स्तुती करणारा यांच्या नात्याचा उलगडा एका दूरच्या उदाहरणाने होतो. पश्चिम आफ्रिकेतील माली साम्राज्याचे वैभव सोने आणि मीठ यांच्या व्यापारावर आधारलेले होते. १३२४ साली मक्केच्या यात्रेला निघालेल्या मन्सा मूसाने कैरोत इतके सोने वाटले की तेथील सोन्याचा भाव उतरला. त्या साम्राज्याचा संस्थापक सुंजाता याची कथा मात्र सोन्याने टिकवली नाही; ती वंशपरंपरागत कथनकारांच्या, ‘जेली’ लोकांच्या मुखी राहिली. १३५२-५३ मध्ये तेथे गेलेल्या इब्न बतूताने पिसांचा वेश आणि पक्ष्याचा मुखवटा धारण केलेले कवी पाहिले. त्याला तो वेश हास्यास्पद वाटला, पण त्यांच्या बोलण्याचा आशय त्याने नोंदवला : ज्या आसनावर राजा बसला आहे, त्यावर पूर्वी अमुक राजे बसले, त्यांनी अमुक सत्कृत्ये केली, यानेही मागे सांगितले जाईल असे काही करावे.

म्हणजे स्तुती ही केवळ देणगीची परतफेड नसते. ती राजावर चढवलेले ऋणही असते. जयरामाची कल्पना या दृष्टीने वाचली पाहिजे. शहाजी स्वतंत्र राजा होता, याचा तो पुरावा नव्हे. परंतु एका मराठी सरदाराविषयी सार्वभौम राजाच्या भाषेत बोलणे त्याच्या सभेत शक्य होते आणि ते ऐकून घेतले जात होते, याचा तो निःसंशय पुरावा आहे. शिवाजीमहाराजांचा राज्याभिषेक १६७४ चा. त्या छत्राला लागणारी भाषा काव्यात अगोदरच घडू लागली होती.

जयरामाच्या दृष्टीचा केंद्रबिंदू दरबार होता. पेठेचा इतिहास काव्यापेक्षा व्यवहारानेच अधिक लिहिला. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी तंजावर हाती आल्यावर बंगळूर विकण्याची बोलणी चालवली. १६८७ मध्ये मोगलांनी ते घेतले आणि तीन लाख रुपयांच्या मोबदल्यात ते म्हैसूरच्या चिक्कदेवराजाकडे गेले. जेथे माल विकला जाई ते नगरच विक्रीचा माल झाले. सुमारे अर्धशतकाची मराठी सत्ता सरली. पेठांची नावे उरली आणि चंपू उरला.

या दोन्ही साधनांना आपापल्या मर्यादा आहेत. पेठेचे नाव वस्तू सांगते, ती विकणारा माणूस सांगत नाही. चंपू राजा सांगतो, त्याचे सैनिक क्वचितच सांगतो. म्हणूनच हेब्बाळचा वीरगळ चंपूशेजारी ठेवून वाचण्याची आवश्यकता आहे. जयरामाने एका जहागीरदाराला अर्ध्या पृथ्वीचा रक्षक केले. हेब्बाळच्या अनाम लेखकाने एका लढवय्याचे नाव दगडात राखले. वाङ्मयेतिहासाला या दोघांचेही साक्षीपुरावे घ्यावे लागतात, आणि प्रत्येकाला कोणासाठी बोलतो आहेस, हेही विचारावे लागते.