हेळव्याची वही आणि आजीचं नाव

इस्लामपूरला आमच्या घरी दर दोन-चार वर्षांनी हेळवी येतो. पुण्या-मुंबईच्या मंडळींना हा प्रकार कदाचित माहीत नसेल. हेळवी म्हणजे आमच्या भागात घराण्यांच्या वंशावळी सांभाळणारे लोक. पूर्वी बैलावर बसून यायचे, आमचा हेळवी मोटरसायकलवर येतो. सोप्यात बसून वही उघडतो आणि खापरपणजोबाच्याही मागची नावं धडाधड वाचतो. मग त्याला धान्य, पैसे द्यायचे आणि घरात नवीन जन्मलेल्यांची नावं लिहून घ्यायची.

गेल्या दिवाळीत तो आला, तेव्हा माझ्या मेलबॉक्समध्ये दुसरी एक वंशावळ येऊन पडली होती. उत्साहाच्या भरात नळीत थुंकी भरून पाठवली होती, त्या डीएनए टेस्टचा रिपोर्ट. म्हटलं, चला, दोन्ही डेटाबेस ताडून बघू!

वहीत आमच्या अकरा पिढ्या निघाल्या. पिढी पंचवीस वर्षांची धरली तर पावणेतीनशे वर्षं, म्हणजे थेट पेशवाई. काकांची छाती फुगली. मी मात्र मनात वेगळाच हिशेब करत होतो. दहा पिढ्या मागे गेलं की प्रत्येकाचे १०२४ पूर्वज होतात (आपला लाडका आकडा!). मामाच्या मुलीशी झालेली लग्नं धरली तर थोडे कमी. वहीत मात्र प्रत्येक पायरीला एकच, बापाचा बाप. वाय क्रोमोसोमचंही तसंच, बापाकडून फक्त मुलाकडे. म्हणजे हेळव्याची वही हा वाय क्रोमोसोमचा लॉगच की!

माझा वाय निघाला आर१ए गटाचा. हा गट मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांशी जोडला जातो. ते लोक इकडे आले साधारण ४००० ते ३५०० वर्षांपूर्वी. डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली राखीगढीच्या हडप्पाकालीन बाईचा जीनोम प्रसिद्ध केला. तिच्यात या पशुपालकांचा अंश सापडला नाही.

आता आईची बाजू. मायटोकाँड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो. जेमतेम १६,५६९ अक्षरं. माझा निघाला एम गटाचा. निम्म्याहून जास्त भारतीयांचा हाच. आफ्रिकेतून बाहेर पडलेली माणसं इथे पोचली, तेव्हापासूनच्या, म्हणजे सुमारे ५०,००० वर्षांच्या, याच्या फांद्या भारतात आहेत. तेव्हा शेती नव्हती, कुत्रासुद्धा माणसाळला नव्हता. कृष्णाकाठ होता, पण ऊस नव्हता!

हे ऐकून आई म्हणाली, "म्हणजे आमच्या बायका आधीपासून इथल्या, आणि तुमचे बापजादे मागनं आले!"

काका गप्प. अर्थात बाबांनाही त्यांच्या आईकडून अशी एक रेघ मिळालीच असणार. २०१३ साली हैदराबादच्या सीसीएमबीचे थंगराज आणि हार्वर्डचे डेव्हिड राइश यांच्या गटाने दाखवलं, की ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात इथले जवळजवळ सगळे समाज एकमेकांत मिसळले, आणि जातीतल्या जातीत लग्नं घट्ट झाली ती त्यानंतर. तेव्हा काकांचं 'शुद्ध रक्त' वगैरे राहू दे.

असो. मी हेळव्याला विचारलं, "आमच्या पानांवर एकाही बाईचं नाव कसं नाही?"

"घालूया की, दादा. तुम्ही सांगा, मी लिवतो."

आईचं नाव सांगितलं. मग शिराळ्याला आजीला फोन लावला. तिने सासरचं नाव सांगितलं, 'सुमन'. मग जरा थांबून म्हणाली, "माहेरचं हौसा." लग्नात बदललेलं हे नाव मी पस्तिसाव्या वर्षी पहिल्यांदा ऐकलं.

"आणि तुझ्या आईचं?"

बराच वेळ शांतता. "सगळी तिला माई म्हणायची. नाव... न्हाई रे आठवत."

पन्नास हजार वर्षांची रेघ आणि आमच्याकडे नावं दोन! हेळव्याने तिसऱ्या ओळीत 'माई' लिहिलं आणि पुढे जागा सोडली.

तुमची आजी असेल तर या वीकेंडला फोन करा. टेस्टपेक्षा स्वस्त पडतं.